घंटी वाजली की थांबायचं

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला त्याच्या हाताखालची माणसं कुकर म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. आधी नाकपुड्या फुलायच्या, मग कान लाल व्हायचे, मग शिट्टी. पहिल्या शिट्टीला शिवी, दुसरीला हातात असेल ते फेकणं, आणि तिसरीची वाट बघायला कुणी थांबायचं नाही. हे नाव मला बहिणीनेच हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा ती हसत असे.

तो एका मोठ्या लाँड्रीत सुपरवायझर होता. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, टॉवेलांचे ढीग. धुऊन आलेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून ताणायची आणि इस्त्रीच्या यंत्राच्या तापलेल्या रुळांत सोडायची. पलीकडे दुसऱ्या दोघींनी ती धरून घडी घालायची. आत इतकी वाफ की भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेआड पाणी साचलेलं. अशा ठिकाणी माणसाचं डोकं थंड राहावं अशी माझी अपेक्षा नाही. मी स्वतः बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत नोकरी काढलेली बाई आहे. वेळापत्रकाच्या पाटीखाली उभं राहून "गाडी किती वाजता?" विचारणाऱ्यांना मी जन्मभर उत्तरं दिली, आणि ती काही गोड आवाजात दिली नाहीत. तेव्हा रागाचं मला वावडं नाही. रागावलेला माणूस निदान तुमच्याकडे बघत तरी असतो.

एकदा चादर चुरगळली म्हणून त्याने ओल्या टॉवेलांचा गठ्ठा एका बाईच्या अंगावर भिरकावला. ती हेलपाटली आणि तोल सावरायला तिने हात टेकला तो नेमका रुळावर. तळहाताची कातडी रुळालाच राहिली. मालकांनी प्रकरण बाहेर जाऊ दिलं नाही. बाईला औषधपाणी केलं, गप्प बसायला सांगितलं, आणि ह्याला ऑफिसात बोलावून दोन वाटा दाखवल्या. एक तर मन शांत करायच्या शिबिराला जा, नाहीतर घरी जा.

"डोळे मिटून बसायला पाठवतायत मला," तो माझ्याकडे येऊन कुत्सितपणे म्हणाला. "ताई, तुमच्या खिडकीत तर रोज हेच चालतं ना?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, पण बहीण हसली, म्हणून मीही हसले.

शिबिराहून तो परत आला तो वेगळाच माणूस. मी झालं तसंच सांगते, उगाच त्याला काळं फासत नाही. शिबिरात त्याला शिकवलं होतं की श्वासाकडे बघायचं, आणि मनात काही उठलं की त्याला नुसतं नाव द्यायचं. विचार आला, 'विचार, विचार'. गुडघा दुखला, 'दुखणं, दुखणं'. राग आला, 'राग, राग'. त्याच्या मागे जायचं नाही, त्याला हाकलायचंही नाही. बघत राहायचं, म्हणजे ते आपोआप जातं. याला ते सजगता म्हणत. पहिल्यांदाच कुणीतरी त्या माणसाला त्याचा राग बाहेरून दाखवला होता, आणि तो त्याने खरोखर पाहिला असावा.

बहीण माझ्याकडे धावत आली. "ताई, काल यांच्या चांगल्या शर्टावर इस्त्रीचा डाग पडला माझ्या हातून. मी तर भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ते नुसते शर्टाकडे बघत बसले. मग म्हणाले, 'राग आला होता. गेला.' एवढंच!" सांगताना तिचे डोळे भरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि आता कुठे तिच्या घरात बशा फुटायच्या थांबल्या होत्या.

मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण मी चुकले. गुण टिकला. टिकला नसता तर आज माझी बहीण जिवंत असती, असं मला वाटतं.

त्याला त्या गोष्टीची गोडी लागली. पुढची शिबिरं केली, मोठ्या मुदतीची केली, शिकवायची परवानगी मिळवली. बोलणं हळू झालं, चालणं हळू झालं, एक घास इतका वेळ चावायचा की समोरच्याची भूक मरावी. लाँड्रीत मालकांनी त्याला सुपरवायझरचं काम अर्धं करून उरलेल्या वेळात बायकांना सजगता शिकवायला लावलं. कामाला लागण्याआधी सगळ्यांनी रुळांसमोर बसायचं आणि ह्याने मऊ आवाजात सांगायचं, "घाम येतोय? कुठे येतोय? मानेवर? त्याच्याशी भांडू नका. त्याच्याकडे बघा." वाफ बाहेर फेकणारा पंखा कधीचा बंद पडलेला होता. तो मग बंदच राहिला. पंख्यापेक्षा श्वास स्वस्त पडतो हे मालकांना कळायला फार वेळ लागला नाही. तक्रारी कमी झाल्या म्हणून त्याचा सत्कार झाला.

जिचा हात भाजला होता ती बाई पहिल्या रांगेत बसायची. तिला तो म्हणे, "हातातली आग अजून जाणवते? छान. तिलाच आज आपला गुरू करू." बहिणीने हे मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, त्याने तिची माफी मागितली का? बहीण गोंधळली. म्हणाली, "अगं, ते आता त्याच्या पलीकडे गेलेत."

मग त्याने घरात घंटी आणली. लहानशी पितळी, लाकडी मुठीची, आवाज लांबवर घुमणारा. नियम साधा होता. घंटी वाजली की जे चाललं असेल ते थांबवायचं, डोळे मिटायचे आणि तीन श्वास बघायचे. हात चालू असेल तर हात थांबवायचा, तोंड चालू असेल तर तोंड. घंटी दोघांची होती म्हणे, कुणीही वाजवावी. पण ती राहायची त्याच्या खुर्चीशेजारी.

मी त्यांच्याकडे गेले की तासाभरात माझ्या लक्षात येई की घंटी नेमकी कधी वाजते. बहीण म्हणायची, "अहो, नळाचं काम करणारा आला होता, तो म्हणतो की..." टण्. "अहो, मला जरा तुमच्याशी..." टण्. "तुम्ही परवा म्हणाला होतात ना, की आपण..." टण्. ती बिचारी मिटायची डोळे, बघायची तीन श्वास. डोळे उघडेपर्यंत त्याने पुस्तक तरी उघडलेलं असे, नाहीतर तो उठून गेलेला असे. आणि अर्धं राहिलेलं वाक्य परत पहिल्यापासून सांगायची हिंमत सगळ्यांत नसते. पूर्वी त्याच्या आरडाओरड्यात तिला निदान मध्ये घुसून दोन शब्द टाकता यायचे. भांडण झालं की संध्याकाळी तो ओशाळून काहीतरी घेऊन यायचा, तिची समजूत काढायचा. आता भांडणच नाही, तर समजूत कसली? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्क्या दिसत नव्हत्या.

एकदा माझ्यासमोरच दूध उतू गेलं. बहीण शेगडीपाशी उभी, दूध वर येतंय, तेवढ्यात बाहेरून घंटी. ही पातेल्यासमोर डोळे मिटून उभी! दूध फसफसून शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून तिच्या पायावर. मी धावत जाऊन गॅस बंद केला. तो सावकाश आत आला, जमिनीवर बघितलं.

"असू दे, ताई. दूध गेलं. गेलं ते गेलं."

"गेलं नाही, भाऊजी, घालवलं," मी म्हटलं. "आणि पाय तिचा भाजलाय."

"ती बघतेय त्याच्याकडे," तो म्हणाला. "बघतेस ना?"

"बघतेय," बहीण म्हणाली. आणि माझ्याकडे बघून हसली, लहान असताना पाढा बरोबर आला की हसायची तसं.

ते हसू मला तेव्हाच टोचलं. तिला मी लहानाची मोठी केली आहे. आई लवकर गेली, वडील कुणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, आणि मी चौकशीची खिडकी. कौतुक हा प्रकार तिच्या वाट्याला आलाच नव्हता. आणि आता नवरा दिवसातून कितीदा तरी म्हणायचा, "छान. तुला जमतंय." त्या दोन शब्दांसाठी ती काहीही करायला तयार होती.

बहीण घरी कपडे दुरुस्त करायची. पॅण्टची उंची कमी कर, चेन बदल, बाही उसव, कमरेत ढील दे. दिवसभर मशीनवर वाकलेली. त्यामुळे तिच्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं, बसून बसून दुखत असेल. मलाही वाटलं. पण ते दुखणं पाठीत जायला लागलं, जेवण कमी झालं, ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. दुसऱ्यांचे कपडे आत घेणारी बाई, स्वतःचे आत घेत राहिली आणि कुणाला बोलली नाही.

नवऱ्याला बोलली होती. त्याने तिला समोर बसवलं आणि म्हणाला, "कुठे दुखतंय ते शोध. त्याला कडा आहेत का ते बघ. आकार कसा आहे? एकसारखं आहे की कमीजास्त होतं?" ती शोधायला लागली. दुखणं हा तिच्यासाठी अभ्यास झाला. सकाळी उठून दोघं बसायची, आणि तिला म्हणे फार लवकर जमलं. "लाँड्रीतल्या बायका खोकला आला तरी हलतात," तो म्हणायचा, "ही दुखत असताना पापणी हलवत नाही." तो मला हे सांगत असताना ती शेजारी मान खाली घालून बसली होती, आणि तिचे कान आनंदाने लाल झाले होते.

मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवू ना. घाई काय आहे? आधी घाबरणं वेगळं आणि दुखणं वेगळं, हे तिला कळू दे."

"भाऊजी, ते डॉक्टरलाही कळतं."

टण्.

मी काही डोळे मिटले नाहीत. मी त्या दोघांना बघत राहिले. तो शांत. तीही शांत, फक्त डाव्या हाताची मूठ पदराखाली वळलेली. त्याच आठवड्यात मी स्वतः जाऊन डॉक्टरची वेळ घेतली, तिला बजावलं, मी न्यायला येईन म्हणून सांगितलं.

ठरल्या सकाळी मी गेले तर ती चांगली साडी नेसून तयार. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, डोकं ठिकाणावर आलं.

"ताई, रागावू नकोस," ती म्हणाली. "डॉक्टरकडे नंतर जाऊ. आज यांचा मोठा कार्यक्रम आहे. मालक येणारेत, दुसऱ्या कंपन्यांचे साहेब येणारेत. आवडलं तर सगळीकडे यांनाच शिकवायला बोलावतील. आणि यांनी मला पुढे बसायला सांगितलंय."

"तुला कशाला?"

"दाखवायला. की जमतं म्हणून." तिने केसांवरून हात फिरवला. "दुखणं काय, उद्याही असेल गं. चारचौघांत मला त्यांनी आज पहिल्यांदा पुढे बोलावलंय."

मी तिला ओढून न्यायला हवं होतं की काय हे मला विचारू नका. चाळिशी उलटलेल्या बाईला ओढून कुठे नेतात? मी तिच्याबरोबर गेले. शेवटच्या रांगेत बसले.

एका हॉटेलचा हॉल होता, गालिचा इतका जाड की चालल्याचा आवाज होऊ नये. खुर्च्यांवर साहेबलोक, बाजूला लाँड्रीतल्या निवडक बायका धुतलेल्या कपड्यांत. मधोमध दोन खुर्च्या. एकीवर तो, पांढरा सदरा, घंटी मांडीवर. दुसरीवर माझी बहीण.

थोडा वेळ तो श्वासाविषयी बोलला. आवाज खरंच छान होता, नाही म्हणणार नाही. मग म्हणाला, "दुखणं म्हणजे त्रास नव्हे. आपण दुखण्याशी भांडतो, तो त्रास. माझ्या बायकोला गेले कित्येक महिने पोटात दुखतंय. आत्ताही दुखतंय." सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "दुखतंय ना?"

"हो."

"कुठे?"

तिने बरगडीखाली हात ठेवला.

"कसं आहे?"

"जळतंय. आणि आतून कुणीतरी पिळतंय."

"किती?"

"खूप."

"आणि तू?"

"मी बघतेय."

हॉलमधून एक सुस्कारा गेला. एका साहेबाने शेजारच्याला कोपर मारून दाखवलं. तिचा चेहरा मेणासारखा पिवळा पडला होता, वरच्या ओठावर घाम होता, आणि तो सगळ्यांना सांगत होता, "बघा. ही शांतता बघा." बघतच होते सगळे. इतक्या सजग माणसांनी भरलेला हॉल, आणि एक बाई मरायला लागली आहे हे एकालाही दिसत नव्हतं.

मी उठले. खिडकीतल्या नोकरीत माझा आवाज असा तयार झाला आहे की त्याला माइक लागत नाही.

"अहो, ती पिवळी पडलीय! तिला दवाखान्यात न्या आधी! तमाशा काय लाव..."

टण्.

आणि सगळ्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी. साहेबांनी, मालकांनी, लाँड्रीतल्या बायकांनी. आलेच होते शिकायला, नियम त्यांना सुरुवातीलाच सांगितला होता. भरल्या हॉलमध्ये मी एकटी उभी, तोंड उघडं, बोट त्याच्याकडे रोखलेलं, आणि ते बघायला कुणीही नाही. मी बहिणीकडे पाहिलं. तिनेही डोळे मिटले होते. जन्मात इतकी अपमानित मी कधी झाले नाही, आणि माझं सोडा, पण तिच्यासाठी ओरडणारं एकच माणूस त्या हॉलमध्ये होतं आणि तिने त्याच्यावर डोळे मिटले.

घंटीचा नाद संपला तेव्हा त्याने हसून सांगितलं, "आणि हे होतं घाबरणं. आता तुम्हाला फरक दिसला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं काहींना मी कार्यक्रमातलीच वाटले.

त्यानंतर तिने मला थोडे दिवस घरी येऊ नको म्हणून सांगितलं. तिने म्हणजे त्याने सांगायला लावलं असेल असं मी मनाचं समाधान करून घेतलं. पण तो आवाज तिचाच होता. "तू असलीस की माझं लक्ष मोडतं, ताई."

ती पडली ती मशीनवर. कुणाच्यातरी पॅण्टला टीप घालता घालता कपाळ मशीनच्या चाकावर आपटलं. शेजारणीने उचललं, शेजारणीनेच दवाखान्यात नेलं आणि मला कळवलं. तो त्या वेळी दुसऱ्या एका कंपनीत शिकवत होता आणि शिकवताना फोन बंद ठेवायचा हा त्याचा पहिला धडा होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तपासण्या होईपर्यंत तोही येऊन पोचला, मग तिने आम्हाला दोघांना समोर बसवलं. गाठ होती, पसरली होती, कापण्यासारखी राहिली नव्हती. "आधी आला असतात तर वेगळं बोलले असते," ती म्हणाली. मग न राहवून तिने विचारलं, "एवढं दुखत असताना या गप्प कशा राहिल्या? या अवस्थेत माणसं गुरासारखी ओरडतात."

मीच सांगितलं, "यांनी शिकवलं तिला." डॉक्टरला ते समजलं नाही, आणि तिला समजावण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता.

आणि मग, इतक्या वर्षांनी, कुकर उडाला. बहिणीच्या खाटेशी बसून तो रडायचा, हुंदके देऊन, शेंबूड पुसायचंही भान नाही. श्वास नाही, नाव देणं नाही, काही नाही. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा आपण कोरडा पाषाण निघाला म्हणावं, तर पाषाणही नाही, नुसता चिखल. परिचारिका त्याला बाहेर जा म्हणून सांगायच्या. मला त्याची दया आली का? आली असेल क्षणभर. पण माझी बहीण अंगावरच्या चादरीसारखी चपटी होऊन पडली होती, आणि मला दया पुरवून पुरवून वापरायची होती.

एके दुपारी ती मला म्हणाली, "ताई, घरून घंटी आणशील?"

मला वाटलं, दुखण्यासाठी तिला तिचा अभ्यास हवा आहे. मला रागच आला, पण मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? मी आणून दिली. तिने ती उशीखाली ठेवली.

संध्याकाळी तो आला. त्या दिवशी तो रडत नव्हता. दाढी केली होती, अंघोळ केली होती, काहीतरी ठरवून आला होता. खाटेवर तिच्याजवळ बसला, तिचा हात हातात घेतला. मी खिडकीशी उभी होते.

"ऐक ना," तो म्हणाला. "मला तुला एक सांगायचंय. इतके दिवस मी..."

टण्.

तिचा हात उशीखालून कधी निघाला ते मलाही दिसलं नाही. घंटी उचलायची ताकद तिच्यात कुठून आली देव जाणे. आणि तो थांबला! तीच तर गंमत. रडणं, पश्चात्ताप, बायको मरतेय, सगळं खरं. पण घंटी वाजली आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. इतकी वर्षं स्वतःला आणि दुसऱ्यांना लावलेली सवय, ती काय अशी सुटते? तो तीन श्वास बघत बसला. तोवर तिने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे कूस वळवली.

त्याने डोळे उघडले. "अगं, मला एवढंच म्हणायचंय की तुझं..."

टण्.

पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा त्याने सुरुवात केली नाही. तो खाटेच्या कडेवर बसून राहिला, आणि तिच्या पाठीकडे बघत राहिला.

माझं काळीज थंड झालं. मी खोटं कशाला बोलू? थंडावा वाटला, उन्हातून आल्यावर पायावर पाणी घेतल्यासारखा. तो गेल्यावर मी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, "बरं केलंस."

तिने कूस परत माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "ताई, राग आला होता गं मला. एवढा कधीच आला नव्हता."

"येणारच."

"गेला."

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"खरंच गेला. बघितला आणि गेला." तिला धाप लागली. "आता उद्या ते आले की मी ऐकेन त्यांचं. ही घंटी तू घेऊन जा. घरात नको, तुझ्याकडे ठेव. आणि उद्या मला बोलता नाही आलं, तर तू सांग त्यांना. म्हणावं, तो नुसता राग होता. आला आणि गेला. मनात धरू नका म्हणावं."

पहाटे ती बेशुद्ध झाली आणि दोन दिवसांनी गेली. तो शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसून होता, ती डोळे उघडेल म्हणून. ती उघडली नाही.

याला आता बराच काळ झाला. त्याने शिकवणं सोडलं. लाँड्रीचं काही अडलं नाही. त्यांनी त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता, तो रोज सकाळी रुळांसमोर लावतात. "घाम येतोय? त्याच्याकडे बघा." भाजलेल्या हाताची बाई मला बाजारात भेटली, तिने सांगितलं. पंखा अजून बंद आहे.

तो माझ्याकडे येतो. आधी कधीमधी यायचा, हल्ली वरचेवर येतो. दारात चपला काढतो, समोरच्या खुर्चीवर बसतो, गुडघ्यांवर हात ठेवतो. केस पांढरे झालेत, सदऱ्याची कॉलर विरली आहे, बटणाच्या जागी टाचणी असते. घरात शिवणारं कुणी नाही. त्याला एकच विचारायचं असतं, आणि ते विचारायला तो इतकं लांब चालत येतो.

काल आला होता. बसला, घसा साफ केला. "ताई, जायच्या आधी ती माझ्याबद्दल काही बोलली..."

घंटी माझ्या खुर्चीशेजारी असते. मी वाजवली.

त्याने डोळे मिटले. अजूनही मिटतो, शिकवण पक्की आहे. त्याचा श्वास थरथरत वर जातो, खाली येतो, आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी निघतं ते तो पुसत नाही. तेवढ्या वेळात मी त्याच्याकडे नीट बघून घेते. बहिणीचा निरोप माझ्या जिभेवर असतो, शब्द न् शब्द. तिचा राग आला आणि गेला. माझा काही गेलेला नाही, मी रोज बघते, तो तिथेच आहे.

मग तो डोळे उघडतो आणि मी त्याला विचारते, चहा घेणार का.